महामार्गाचा पर्यावरण अहवाल आता मोबाइलवर: पुणे परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात नकाशांचं काम करतो. शनिवारी दुपारी मुळशी, खेड, पुरंदर, हवेलीकडची मंडळी भेटायला येतात. मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवर आलेली, कुठल्या तरी रस्त्याच्या पर्यावरण अहवालाची पाच-सहाशे पानांची पीडीएफ असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात आमचं शेत कुठंय?" बाकीचे प्रश्न त्यातूनच फुटतात. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हा कायद्याचा सल्ला नाही, त्यासाठी वकील गाठा.

प्रत्येक रस्त्याला पर्यावरण मंजुरी लागते का?

नाही. इथंच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. केंद्राची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना हा या विषयाचा पाया. तिच्यानुसार नवा राष्ट्रीय महामार्ग आणि नवा राज्य महामार्ग यांना मंजुरी लागते. आहे त्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण असेल तर २०१३ च्या दुरुस्तीनंतर अट अशी: लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त, आणि जुन्या आखणीवर ४० मीटरपेक्षा किंवा वळण रस्ता, बायपास असेल तिथं ६० मीटरपेक्षा जास्त रुंदीची जादा जागा. राज्य महामार्गाच्या रुंदीकरणाला समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वरचा डोंगराळ भाग किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असेल तर.

महापालिकेचा शहरातला रस्ता या यादीत बसत नाही. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याबद्दल "याचा पर्यावरण अहवाल कुठाय" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तिथं लढाईची हत्यारं वेगळी असतात: वृक्ष कायदा, विकास आराखडा, वन खात्याची हद्द.

१०० किलोमीटरची अट आहे, म्हणजे ९९ चे तुकडे पाडले की सुटका?

हा आरोप होत आलाय, आणि त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण उत्तराखंडातलं. सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम रस्ता ५३ छोट्या प्रकल्पांत विभागला गेला आणि प्रत्येक तुकडा १०० च्या आत राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

डिजिटल नकाशाचा पहिला उपयोग मला इथं दिसतो. ५३ फायली ५३ कपाटांत असतील तर त्या सुट्या वाटतात. त्याच ५३ रेघा एका नकाशावर टाका, शेंबडं पोरही सांगेल की हा एकच रस्ता आहे. कुठल्याही प्रकल्पाचा नकाशा उघडलात की शेजारचे प्रकल्पही त्यावर टाकून पाहा. रेघा टोकाला टोक लावून उभ्या असतील तर तो प्रश्न जनसुनावणीत विचारायचा.

डिजिटल म्हणजे वेबसाइटवर पीडीएफ टाकणं, एवढंच ना?

तसंच समजतात, आणि माझं सगळं भांडण तिथं आहे. छापलेला कागद स्कॅन करून चढवला की तो कागदच राहतो, फक्त धूळ बसत नाही. त्यात शब्द शोधता येत नाही. तक्ते आडवे असतात, मोबाइल फिरवला की तेही फिरतात. आणि नकाशा इतका बारीक की गावाच्या नावाच्या जागी मुंगी चिरडल्यासारखा ठिपका दिसतो.

अहवालाला विचारता आलं पाहिजे. माझा गट नंबर टाकला की रस्ता किती मीटरवर, तिथं आवाज किती वाढेल, माझ्या विहिरीची नोंद आहे का, बांधावरची कोणती झाडं जातील, एवढं समोर यायला हवं. ही माहिती अहवाल बनवणाऱ्या सल्लागाराच्या संगणकात थरांच्या, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या नकाशांच्या, रूपात असतेच. नकाशे त्यातूनच बनतात. मग ती सपाट करून, चित्र बनवून, पानात चिकटवून तुमच्याकडे येते. एवढी मेहनत माहिती कमी करायला घेतली जाते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

बाहेरच्या देशांत हे कसं करतात?

अमेरिकेचं सांगतो, कारण ही पर्यावरण तपासणीची कल्पना मुळात तिथलीच. त्यांचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० ला सही होऊन लागू झाला. पन्नास वर्षांत त्याचाही डोंगर झाला. तिथल्या पर्यावरण गुणवत्ता परिषदेने २०२० मध्ये मोजदाद केली तेव्हा अंतिम अहवाल सरासरी ६६१ पानांचा निघाला आणि एका अहवालाला सरासरी साडेचार वर्षं लागत होती. २०२३ च्या कायद्याने मग मोठ्या अहवालाला १५० पानांची मर्यादा घातली, फारच गुंतागुंतीचा असेल तर ३००, आणि मुदत दोन वर्षं. जोडपत्रं या मोजणीत धरत नाहीत, ही पळवाट आपल्याकडच्या माणसाच्या लगेच लक्षात येईल.

मला त्यांच्या दोन गोष्टी आवडतात. पहिली फ्लोरिडाची. तिथं दोन दशकांपासून अशी पद्धत आहे की रस्त्याची कल्पना कागदावर पक्की व्हायच्या आधीच ती एका सामायिक नकाशावर टाकतात. वन्यजीववाले, पाणीवाले, पुरातत्त्ववाले अशी निरनिराळी खाती तिथंच शेरे मारतात: इथं पाणथळ आहे, इथं जुनं दफनस्थान आहे. दुसरी त्यांच्या मत्स्य व वन्यजीव सेवेची 'आयपॅक' नावाची सोय. नकाशावर आपल्या प्रकल्पाची हद्द काढायची, आणि त्या भागात कोणत्या संकटग्रस्त प्रजातींचा विचार करावा लागेल त्याची यादी मिळते. यादी खात्याची असते, म्हणून सल्लागाराला सोयीची नावं निवडता येत नाहीत.

आपल्याकडे त्या जागी काय आहे?

परिवेश. १० ऑगस्ट २०१८ ला सुरू झालेलं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं पोर्टल. पर्यावरण, वन, वन्यजीव आणि किनारा नियमन अशा चारही मंजुऱ्यांचे अर्ज तिथं जातात. तुम्ही राज्य निवडून किंवा प्रस्ताव क्रमांक टाकून शोधू शकता. अर्ज, अभ्यासाची कार्यकक्षा, तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, मंजुरीचं पत्र, असं बरंच सापडतं. पोर्टलच्या पुढच्या आवृत्तीत 'आपली मंजुरी ओळखा' अशा अर्थाची सोयही आली: जागा आणि प्रकल्पाचा प्रकार सांगितला की कोणत्या मंजुऱ्या लागतील ते कळतं.

इतिवृत्त वाचायची सवय लावा. अहवाल कंटाळवाणा असतो, इतिवृत्तात मात्र समितीतले लोक काय विचारतात ते दिसतं. पुष्कळदा तुमच्या मनातली शंका तिथं कुणीतरी आधीच घेतलेली असते.

१३ ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झालेला पंतप्रधान गतिशक्ती आराखडाही याच जातीचा: रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, जंगलं, सगळे थर एका नकाशावर. आखणी ठरवणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. शेतकऱ्यानेही वापरावा असा मात्र तो बांधलेला नाही. लोकांनी पाहायचं असेल तर इस्रोचं 'भुवन' आणि भूमी अभिलेख खात्याचा महाभूनकाशा ही दोन हाताशी आहेत.

केएमएल फाइल म्हणतात ती काय भानगड?

रस्त्याची रेघ साठवलेली छोटीशी फाइल. अर्जासोबत ती द्यावी लागते. मोबाइलवर गुगल अर्थ असेल तर फाइलवर टिचकी मारा, रेघ उपग्रहचित्रावर येऊन बसते. पाचशे पानांच्या पीडीएफपेक्षा ही काही केबींची फाइल गावाला जास्त उपयोगी, असं माझं मत आहे.

दोन धोके लक्षात ठेवा. एक, ती रेघ म्हणजे बहुधा रस्त्याची मध्यरेषा. रेघ विहिरीपासून ३० मीटरवर आहे म्हणून निवांत होऊ नका. पुण्याच्या रिंग रोडची रुंदी ११० मीटर धरली आहे, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ५५ मीटर. ॲपमधली मोजपट्टी घ्या आणि तेवढं मोजून पाहा.

दोन, गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवला की बांध सरकतात. जुनी मोजणी साखळी आणि शंकूच्या काळातली, तिच्यावर चित्र ताणून बसवायचं म्हणजे कुठेतरी सुरकुती पडणारच. माझ्या पाहण्यात पंधरा-वीस मीटरचा फरक अगदी सहज येतो. त्यामुळे मोबाइलवर शेत वाचलेलं दिसलं तरी पेढे वाटू नका, गेलेलं दिसलं तरी लगेच हाय खाऊ नका. खरी हद्द संयुक्त मोजणीत ठरते. नवी मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणाऱ्या यंत्राने होते, तिची अचूकता काही सेंटीमीटरची. गावठाणाची ड्रोन मोजणी तर पुणे जिल्ह्याला नवी नाही: पुरंदर तालुक्यातलं सोनोरी हे त्या प्रयोगाचं पहिलं गाव.

अहवालात '१२+४५०' असे आकडे असतात, ते काय?

चेनेज. रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर: १२ किलोमीटर आणि ४५० मीटर. मोऱ्या, पूल, भुयारी मार्ग, तोडायची झाडं, सगळ्याचा पत्ता चेनेजमध्ये असतो. तुमच्या गावाचं चेनेज कुठून कुठपर्यंत ते एकदा काढून ठेवा. मग पाचशेपैकी वाचायची पानं पंधरा उरतात.

उपग्रहातून सगळं दिसतं, मग पायी पाहणी कशाला?

याचं उत्तर एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्यापेक्षा चांगलं दिलंय. पुरंदरकडचे. नातवाबरोबर आले होते. एका प्रस्तावित रस्त्याच्या अहवालात लिहिलं होतं की अमुक चेनेजच्या १०० मीटरच्या आत जलस्रोत नाही. मी केएमएल उघडली, चित्र मोठं केलं. खरंच काही दिसेना, नांगरलेली तपकिरी रानं नुसती. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितनं वढा जातो. पावसाळ्यात म्हशी पलीकडं न्यायला दोर लागतो."

संगणकावरच्या गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं पाहायची सोय आहे. समोरचं चित्र एप्रिलचं होतं. मागे सरकत ऑक्टोबरच्या एका चित्रावर आलो, आणि बाबांच्या बोटाखाली बाभळींची हिरवीगार नागमोडी पट्टी उमटली. ओढा होता. सहा महिने कोरडा असतो, म्हणून अहवाल लिहिणाऱ्याच्या थरात तो नव्हता. आम्ही दोन्ही चित्रं, चेनेज आणि गट नंबर लावून हरकत दिली. अंतिम अहवालाच्या यादीत तिथं एक मोरी वाढली. ती पुरेशी रुंद आहे, हे बाबांना अजून मान्य नाही.

नियमानुसार मूळ स्थितीची पाहणी एका ऋतूची, पावसाळा सोडून, केली तरी चालते. आपल्या भागात पावसाळा सोडला तर ओढे, पाणथळी, गवत यातलं काय शिल्लक राहतं? उपग्रहाचा दोष नाही. तो बारा महिने चित्रं काढतो. आपणच ढग नसलेलं चित्र निवडतो, आणि ते उन्हाळ्यातलं असतं.

दुसरी गोची 'पडीक' या शब्दाची. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरच्या माळरानांवर लांडगे आहेत, चिंकारा आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकाऱ्यासाठीच राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. अभयारण्याच्या कुंपणाबाहेरचा तसाच माळ मात्र जमीन वापराच्या थरात पडीक म्हणून रंगवलेला असतो. एकदा संगणकात 'पडीक' असं बसलं की आखणी आपोआप तिकडे झुकते, कारण तिथं शेती नाही, जंगल नाही, घरं नाहीत. संगणक प्रामाणिक असतो, शिकवलेलंच बोलतो. लांडग्याची जागा गुराखी आणि मेंढपाळ सांगतील, त्यांना नकाशाच्या टेबलापर्यंत आणावं लागेल.

पश्चिम घाटाचा संवेदनशील क्षेत्राचा थर कोणता वापरायचा?

भोर, मुळशी, मावळकडच्यांचा हा प्रश्न. २०११ चा गाडगीळ समितीचा अहवाल आणि २०१३ चा कस्तुरीरंगन यांचा, दोघांच्या हद्दी वेगळ्या. प्रारूप अधिसूचना २०१४ पासून ३१ जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाली. अहवालात कोणत्या तारखेचं प्रारूप धरलंय ते लिहिलेलं नसेल तर विचारा. या प्रारूपांत यादी गावनिहाय आहे, म्हणजे एक गाव आत आणि ओढ्यापलीकडचं बाहेर असं होतं. पाणी, बिबट्या आणि दरड यांना ती हद्द माहीत नसते.

झाडं ड्रोनने मोजतात म्हणे. बरोबर येतात का?

वरून फांद्यांचे घेर मोजले जातात, बुंधे नाहीत. आंब्याची दोन झाडं एकमेकांत मिसळली की ड्रोनच्या हिशेबात एक होतं. वडाचं उलट: एकाच वडाच्या पारंब्या लांब उतरल्या असतील तर दोन-तीन झाडं धरली जातात. लेसर मोजणीने, म्हणजे लायडारने, उंची आणि बुंध्याचा अंदाज बराच सुधारतो, पण जात ओळखायला माणूस लागतोच. वयही. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. हा कायदा शहरी भागाचा, तरी वयाची नोंद गावातही मागायला काय हरकत आहे?

चांगली पद्धत अशी: ड्रोनचं चित्र पायाला, त्यावर प्रत्येक झाडाला क्रमांक, आणि खाली उतरून बुंध्याचा घेर, जात आणि फोटो. म्हणजे 'एकूण झाडं ४,०००' या एका ओळीऐवजी चार हजार ठिपके मिळतात आणि कुणालाही त्यातला एक तपासता येतो.

ठिपका दिसला की माणसं भांडतात. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गात जाणार होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि आखणी थोडी सरकवून वड वाचवला. एकूण संख्येत तो 'एक' होता. पालखी मार्गाने चालणाऱ्या कुणालाही विचारा, विसाव्याचं झाड आणि आकड्यातलं झाड एकच असतं का ते.

रस्त्याखालून जनावरं खरंच जातात? की नुसतं दाखवायला भुयार बांधतात?

जातात, जागा बरोबर निवडली तर. नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडच्या भागात अशी नऊ बांधकामं आहेत, सगळ्यांत लांब ७५० मीटरचं. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथं कॅमेरा सापळे लावले, आणि वाघासकट १८ जातींच्या वन्य प्राण्यांचे फोटो मिळाले. रस्ता झाल्यावर काय घडतं ते मोजून दाखवल्याचं हे आपल्याकडचं उत्तम उदाहरण.

पुणे जिल्ह्यात प्रश्न जास्त करून बिबट्याचा. जुन्नर, खेड, शिरूरच्या उसात बिबट्या राहतो, नकाशावर ते 'बागायत शेती'. कॅमेरा सापळे जंगलातच लावायचे असा कुठं नियम नाही. आहेत त्या मोऱ्यांखाली महिनाभर लावून पाहिले तर कोणती मोरी कोण वापरतं ते स्वस्तात कळेल, आणि रुंदीकरणात तीच मोरी पाइप टाकून बुजवली जाणार नाही.

आवाज आणि धूर यांचं गणित कितपत खरं?

गणित बरोबर असतं, प्रश्न आत काय घातलं त्याचा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. अहवालातलं हे गणित पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वाहनसंख्येवर चालतं, म्हणून ती संख्या कुठून घेतली ते पाहा. एक गमतीदार जागा सांगतो. काही अहवालांत, रस्ता आर्थिकदृष्ट्या परवडतो हे सांगणाऱ्या प्रकरणात वाहनं भरपूर असतात आणि प्रदूषणाच्या प्रकरणात ती रोडावतात. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. हवेसाठी पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची 'सफर' यंत्रणा आहे, तिचे आकडे शहरापुरते ताडून पाहायला बरे पडतात.

जनसुनावणी ऑनलाइन झाली तर सोपं नाही का?

जोडीला असावी, ऐवजी नको. नियम असा: सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेणार, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हा दंडाधिकारी दर्जापेक्षा कमी नसलेले प्रतिनिधी. किमान ३० दिवस आधी जाहिरात, त्यात एक प्रादेशिक भाषेतलं वर्तमानपत्र. कामकाजाचं चित्रीकरण सक्तीचं. लेखी हरकत कुणीही पाठवू शकतो, मुंबईत नोकरीला असलेला भाऊसुद्धा. जादा जमीन न घेता रुंदीकरण होणार असेल तर मात्र सुनावणी लागत नाही.

ऑनलाइनमध्ये आवाज बंद करायचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं. मांडवात आजी उठून उभी राहिली की माइक तिच्याकडे न्यावाच लागतो. मला डिजिटल हवंय ते सुनावणीच्या आधीचे तीस दिवस: नकाशा चावडीवर प्रोजेक्टर लावून दाखवा, रेघेवरून गावाला एकदा फिरवून आणा. मग सुनावणीत लोक "आमचा विरोध आहे" एवढंच न म्हणता "१२+४५० ला मोरी अपुरी आहे" असं म्हणतील.

अहवाल मराठीत मिळतो का?

सारांश मिळतो, तो द्यावाच लागतो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर चढतो. पूर्ण अहवाल इंग्रजीत. भाषेचा प्रश्न न्यायालयानेही गांभीर्याने घेतलाय: २०२० च्या पर्यावरण अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षी ३० जूनला सांगितलं होतं.

आता लोक यंत्राकडून भाषांतर करून घेतात. ढोबळ अर्थ कळतो, पण जपून. भरावासाठी मुरूम काढतात त्या खड्ड्याला अभियंते 'बॉरो पिट' म्हणतात. यंत्राने त्याचं केलं 'उसना खड्डा'. एक जण गंभीरपणे विचारायला आला की हा खड्डा परत कधी करणार. तसा प्रश्न चुकीचा नव्हता म्हणा. मुरूम काढून झाल्यावर खड्डा बुजवून, माती पसरून देण्याची अट असते आणि ती कुणी पाळत नाही ही गावोगावची तक्रार आहे.

एआयने अहवाल लिहिले तर?

नक्कल करायला एआय लागत नाही. एका अहवालात आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याशी खारफुटीतला पक्षी नोंदवलेला मी स्वतः पाहिलाय. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्या तरी कामाची यादी उचललेली, उघड होतं. सल्लागाराला विचारलं तर "टंकलेखनाची चूक" म्हणाले. पक्ष्याचं नाव लॅटिनमध्ये अचूक होतं!

उलट बाजूने एआय कामाचा आहे. नवा अहवाल आणि जुने अहवाल शेजारी ठेवून जसेच्या तसे परिच्छेद शोधायला त्याला मिनिटं लागतात. मंजुरीच्या टेबलावर हे रोज व्हायला हवं.

या सगळ्याने वेळ वाचतो का, की नुसती घाई होते?

दोन्ही. २००६ च्या अधिसूचनेत अंतिम अहवाल आल्यावर समितीला ६० दिवस आणि निर्णयाला ४५ दिवस, मिळून १०५ दिवस दिलेत. एवढा वेळ फार नाही. वेळ खरा जातो तो आखणी बदलण्यात, भूसंपादनात आणि कोर्टात. ओढा, माळ, वड, बिबट्या हे आखणीआधीच नकाशावर आले तर त्यातला पुष्कळ वाचेल. आखणी पक्की करून, निविदा काढून, मग त्याच रेघेसाठी चकचकीत संगणकीय अहवाल बनवायचा असेल तर ती घाईच.

मंजुरी मिळाली. आता पाहण्यासारखं काय उरलं?

अटी. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. 'झाडं लावली' असं लिहिलं असेल तर जागा विचारा आणि उपग्रहचित्र पाहा, तीन वर्षांत हिरवं दिसायला हवं. ओढ्यात राडारोडा टाकला असेल तर स्थान आणि तारीख उमटणाऱ्या ॲपने फोटो काढा, मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून ती माहिती गळून जाते.

मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. मुदत ३० दिवसांची, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद.

तुमच्याकडे यायचं तर काय घेऊन येऊ?

सातबारा, गट नंबर, प्रस्तावाचा क्रमांक आणि मिळाली तर केएमएल. पीडीएफ छापून आणू नका, पाचशे पानांचे पैसे जातात. आणि घरातलं एक म्हातारं माणूस बरोबर आणा, ओढा पूर्वी कुठून वाहायचा ते ज्याला ठाऊक आहे असं.